सप्ताहाची दुसरी वही : कोणाला काय येतं?

ओढ्याकाठचा
2 मार्च, रात्री 9:52

नमस्कार मंडळी,

विषय आमच्या गावच्या सप्ताहाचा आहे, पण अडचण बऱ्याच गावांची असावी म्हणून इथे मांडतोय. थोडं लांबेल.

गाव संगमनेर तालुक्यात, दीडशेच्या आसपास उंबरा. चैत्रात हनुमान जयंतीला अखंड हरिनाम सप्ताह बसतो. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. सात दिवस वीणा खाली टेकवायची नाही आणि नाम थांबू द्यायचं नाही, हा मूळ नेम. पहाटेचा काकडा, ज्ञानेश्वरीचं पारायण, हरिपाठ, रात्रीचं कीर्तन, शेवटी काला, हे सगळं त्या वीणेभोवती. दोन तासांचा एक पहारा धरला तर दिवसाला 12, सात दिवसांचे 84. प्रत्येक पहाऱ्याला एक वीणेकरी आणि निदान चार टाळकरी लागतात. दोन-चार गुणी माणसांच्या जिवावर हे कधी पेलणारच नाही, अख्खं गाव लागतं. सप्ताह लावणाऱ्यांनी हे जाणून केलं असेल असं मला आता वाटतं. कळायला मात्र चाळिशी उजाडली.

मी 14 वर्षं चाकणला कंपनीत होतो. लॉकडाऊननंतर गावी आलो तो राहिलोच. चार गाई आहेत, थोडी शेती आहे. मी बाहेर होतो त्या काळात सप्ताह हळूहळू बदलला होता. गेल्या वर्षी तर सगळंच ठरवून दिलं. मंडप, आचारी, वाढपी, साउंड, भजनाला मंडळ, सगळं बाहेरचं. घरटी 2000 रुपये वर्गणी. खरं सांगायचं तर कुठे काही कमी पडलं नाही. जेवण वेळेवर, कीर्तनकार नामवंत, मंडप देखणा.

तिसऱ्या रात्री शेतीच्या लाईटची पाळी रात्रीची होती. घासाला पाणी द्यायला अडीचच्या सुमारास निघालो. देवळावरून जाताना नाम ऐकू आलं म्हणून आत डोकावलो. स्पीकरवर रेकॉर्डिंग चालू होतं. वीणा खुंटीला. पहाऱ्याला सांगून आणलेली दोन माणसं मंडपाच्या कोपऱ्यात झोपलेली. दिवसभराची दमलेली असणार, त्यांचा राग आला नाही. आणि मारुतीसमोर आमच्या गावातली एक आजी, वय सत्तरीच्या पुढे, एकटी टाळ घेऊन रेकॉर्डिंगच्या मागे मागे म्हणत बसलेली. मला म्हणाली, "जा तू पाण्याला, मी हाय इथं."

मी गेलो नाही. वीणा खुंटीवरून काढली आणि गळ्यात घातली. मला गाता येत नाही, सूर कळत नाही. पण तार छेडत उभं राहता येतं. पावणेपाचला काकड्याची मंडळी आली तोवर आम्ही दोघंच होतो. लाईट गेली, घास तसाच राहिला.

या वर्षी कमिटीत मी एक सुचवलंय. वर्गणीची वही असते तशी दुसरी एक वही काढायची आणि घरोघरी जाऊन विचारायचं, तुम्हाला काय येतं? जे येतं ते सप्ताहात आणायचं. पैसे नसले तरी चालेल. काहींना पटलंय, काही म्हणतात याने गोंधळ होईल. आठ दिवस फिरलो. जवळजवळ प्रत्येक दारात पहिलं उत्तर एकच मिळालं, "आम्हाला कुठं काय येतंय?"

तुमच्या गावी, वाडीत, तुमच्या देवळात किंवा जिथे कुठे तुम्ही जाता तिथे हे कसं चालतं? मनापासून विचारतोय.

दिंता
2 मार्च, रात्री 11:20

धागा काढलात ते फार बरं केलंत. मी निफाडकडचा, पखवाज वाजवतो आणि शिकवतोही.

तुम्ही दारात जाऊन "काय येतं" विचारलंत तर "काही नाही" हेच ऐकू येणार, कारण माणसाला तोंडपरीक्षा घेतल्यासारखं वाटतं. नेमकं काम घेऊन जा. मी पखवाजाला कसा लागलो ते सांगतो. नऊ वर्षांचा होतो. पखवाजाच्या डाव्या तोंडाला, धुमाला, कणीक लावतात. ती ताजी मळलेली लागते, ना सैल ना घट्ट, आणि वाजवून झाल्यावर खरवडून काढायची असते. आमच्या गावच्या मृदंगबुवांनी मला एवढंच सांगितलं, "बाळा, रोज हरिपाठाच्या आधी लिंबाएवढी कणीक घेऊन यायची." बस. त्या कणकेपायी मी रोज पखवाजाच्या शेजारी बसू लागलो. कणीक कमी-जास्त झाली की आवाज कसा पालटतो ते कानाला कळायला लागलं. दोन वर्षांनी बुवा म्हणाले, "आता डावा हात ठेव." मला कोणी शिकायला बोलावलं नव्हतं, कामाला बोलावलं होतं. त्या हाकेनं मी कीर्तनाचा झालो.

आणखी एक. आळंदीहून विद्यार्थी बोलावत असाल तर त्यांना फक्त टाळ धरून मागे उभं करू नका. जोग महाराजांनी 1917 साली वारकरी शिक्षण संस्था काढली तेव्हापासून तिथून तयार झालेली मुलं महाराष्ट्रभर पोचली आहेत. गायन, मृदंग, पाठांतर, सगळं त्यांच्याजवळ असतं. दुपारी 1 ते 3 मंडप रिकामा असतो. त्या वेळात तुमच्या गावातली दहा पोरं त्यांच्यापुढे बसवा. सात दिवसांत एक पावली (टाळाच्या तालावर टाकायची पावलं) आणि हरिपाठाची एक चाल सहज बसते. बाहेरून माणूस आणायला हरकत नाही, तो जाताना मागे काहीतरी ठेवून गेला पाहिजे.

चुलीपाशी
3 मार्च, सकाळी 7:05

दिंता दादांचं कणकेचं वाचून बरं वाटलं. मी कणकेच्या दुसऱ्या बाजूने लिहिते.

माझं सासर श्रीरामपूरकडे. आमच्या भागात सराला बेटाचा गंगागिरी महाराजांचा सप्ताह मोठा. तिथला प्रसाद आमटी-भाकरीचा. भाकरी गावोगावच्या घरांतून होऊन ट्रॅक्टर-टेम्पोने येतात, आमटी तिथे काहिलीत. लाखांनी माणूस जेवतं, पण भाकरी कुठल्यातरी एका घरातल्या एका बाईच्या हातची असते. मला त्याचं फार अप्रूप वाटतं. आमच्या गावचा छोटा सप्ताह पण त्याच पद्धतीचा. ज्या वस्तीची पंगत असेल तिथे घरटी 20-25 भाकरी.

आमच्याकडे आचारी का आला ते सांगते, म्हणजे तुमच्या वहीत काय लिहायचं ते लक्षात येईल. आमटीचा अंदाज गावात एका मामांना होता. शंभर माणसाला साडेचार-पाच किलो डाळ, मसाला किती, पाणी कधी वाढवायचं, पंगत वाढली तर आमटी पातळ न करता कशी पुरवायची, सगळं डोक्यात. कोणी लिहून घेतलं नाही, कोणी त्यांच्या हाताखाली उभं राहिलं नाही. मामा गेले आणि पुढच्या वर्षी केटरर आला. लोक म्हणाले, आजकाल कोणाला वेळ आहे. वेळ होता हो. अंदाज कोणाला नव्हता, आणि चारशे माणसांचं जेवण बिघडलं तर काय, या भीतीने कोणी पुढे झालं नाही.

म्हणून वहीत नुसतं "स्वयंपाक" लिहू नका. "आमटीचा अंदाज" असं वेगळं लिहा आणि त्यापुढे दोन नावं लिहा, एक येणाऱ्याचं आणि एक त्याच्यापाशी उभं राहणाऱ्याचं.

आता मनातलं सांगते. राग मानू नका. बाईला काय येतं विचारलं की उत्तर आधीच चुलीपाशी ठरलेलं असतं. मी बारावीपर्यंत शाळेत समूहगीतात पहिली होते. सासरी 19 वर्षांत सप्ताहाचं एक कीर्तन पूर्ण ऐकलेलं नाही. कीर्तन सुरू होतं तेव्हा आम्ही भांड्यांत असतो. मला भाकरी येते आणि ती मी आनंदाने करते. पण मला गाताही येतं, हे गावात कोणाला ठाऊकच नाही.

वाटचाल
3 मार्च, दुपारी 1:40

ताई, शेवटच्या ओळी वाचून गप्प झालो.

वारीतलं थोडं लिहितो. आमची दिंडी माऊलींच्या पालखीत चालते, दीडशे-पावणेदोनशे माणसं. पहिल्या वर्षी मी नुसता चालत होतो आणि फार एकटा पडलो होतो. सगळे एकमेकांना नावाने ओळखत होते, मला "पाहुणे" म्हणत. सासवडच्या मुक्कामाला पाऊस आला आणि तंबूच्या खुंट्या ओल्या मातीत धरेनात. मी बांधकामावर सुपरवायझर, असल्या गोष्टी रोजच्या. खुंटी तिरपी ठोकून वर दगड कसा द्यायचा ते दाखवलं. दुसऱ्या दिवशी जेजुरीच्या वाटेवर चार जणांनी मला नावाने हाक मारली. आता नवव्या वर्षी तंबूचा ट्रक माझ्याकडे आहे. दिंडीत एक दाढी करून देणारे काका आहेत, एक नर्सताई पायाच्या फोडांचं बघतात, एक जण फक्त चपलांना टाके घालतो. चालून सगळ्यांचेच पाय दुखतात. माणूस जवळचा होतो तो कोणीतरी कोणाच्या तरी फोडाला मलम लावतं तेव्हा.

पण जिथे सगळे हात लावतात तिथे कुरबुरीही होणार, ओढ्याकाठचा दादा. त्याची सोय आधी करा. आमच्या पालखीत मुक्कामाला समाजआरती होते. सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, चोपदार दंड उंचावतात आणि एका क्षणात टाळ थांबतात. हजारो माणसं चिडीचूप. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवतच राहते. मग चोपदार तिथे जातात, ऐकून घेतात, सोडवतात, आणि मग पुढे हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात. आरफळच्या हैबतबाबांनी या सोहळ्याला शिस्त लावली. तक्रार करणाऱ्याला गप्प न बसवता त्याला टाळ वाजवायला मोकळीक ठेवणं हे या शिस्तीतलं मला सगळ्यात मोठं वाटतं. तुमच्या गावात रोज हरिपाठानंतर पाच मिनिटं यासाठी ठेवा.

उत्तरवाट
3 मार्च, रात्री 10:15

सगळे प्रतिसाद वाचले. चांगल्या मनाने लिहिलेत, म्हणून मीही मोकळेपणाने लिहितो.

"कोणाला काय येतं" ही वही आमच्यासाठी गावाने फार आधीच लिहून ठेवली होती. माझ्या आजोबांना हलगी यायची. सप्ताहाच्या दिंडीपुढे ते वाजवायचे, गावाला ती कला हवी असायची. पंगतीला मात्र ते शेवटी आणि बाजूला. वीणा कधी हातात नाही. म्हणजे कला वाटून घेतली गेली, माणूस नाही घेतला.

चोखोबांचंच बघा. मंगळवेढ्याचं गावकूस बांधायला त्यांचे हात चालले. 1338 साली तेच कूस कोसळलं आणि ते त्याखाली गेले. पंढरपूरला त्यांची समाधी महाद्वाराबाहेर आहे. बांधायला हात चालले, आत पाऊल चाललं नाही. विठ्ठलाचं ते दार सगळ्यांना उघडावं म्हणून साने गुरुजींना 1947 साली पंढरपुरात उपोषणाला बसावं लागलं, चोखोबा गेल्यावर सहाशे वर्षांनी. सावता माळी, गोरा कुंभार, नरहरी सोनार, सेना न्हावी, या सगळ्यांचा धंदा हीच भक्ती झाली असं आपण म्हणतो, आणि मीही ते मानतो. पण ती भक्ती त्यांनी आपणहून केली. गावाने नेमून दिलेलं काम आणि माणसाने आपणहून दिलेली सेवा यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

म्हणून माझं सांगणं एवढंच. वहीत दोन रकाने करा. एक "काय येतं" आणि दुसरा "काय शिकायचंय" किंवा "काय करावंसं वाटतं". चुलीपाशी ताईंचं गाणं दुसऱ्या रकान्यात येईल. माझ्या आजोबांची वीणाही तिथेच आली असती. पहिला रकाना भरताना आडनाव बघून काम सुचवू नका. आणि पंगत एकच ठेवा, बसेल तसं बसायचं. हे होणार नसेल तर केटररच बरा, निदान तो सगळ्यांना सारखं वाढतो.

ओढ्याकाठचा
4 मार्च, पहाटे 5:30

रात्री झोप लागली नाही. उत्तरवाट दादा, तुम्ही लिहिलेलं मी आज कमिटीत जसंच्या तसं वाचून दाखवणार आहे. तुमची परवानगी धरून चालतो. दुसरा रकाना आजच आखला.

आमच्या गावात पंगत आता एक आहे. पण वीणेचं बोलाल तर ती ठरावीक सात-आठ घरांत फिरते, हे मी कधी मोजलंच नव्हतं. आता मोजलं. पहाऱ्यासाठी चिठ्ठ्या टाकायच्या असं मांडणार आहे.

साउंडवाला
4 मार्च, दुपारी 12:10

मी आयटीआय इलेक्ट्रिशियन, वय 24. देवळात फारसा कधी जात नव्हतो. भजन येत नाही आणि मोठी माणसं आम्हा पोरांकडे बघतात ते मोबाइलवरून बोलायलाच. तीन वर्षांपूर्वी आमच्या सप्ताहात स्पीकर सारखा घुमायचा, कीर्तनकार वैतागले. एका काकांनी घरी येऊन विचारलं, "तुला बघता येईल का रे?" अर्थिंग नीट नव्हतं, बाकी काही नाही. अर्ध्या तासाचं काम.

तेव्हापासून मिक्सर माझ्याकडे. मिक्सरपाशी बसायचं म्हणजे ऐकायचं. हरिपाठ मी पाठ केला नाही, तो पाठ झाला. टाळ किती आणि पखवाज किती ठेवायचा हे आता बुवा मला विचारतात. घरी येऊन विचारलं म्हणून गेलो, व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर "इच्छुकांनी संपर्क साधावा" टाकलं असतं तर गेलो नसतो.

चुलीपाशी ताईंसाठी: स्वयंपाकाच्या ठिकाणी एक बॉक्स लावा म्हणावं. दीडशे फूट वायर लागते फक्त. आणि एक माइक पण.

वसईकर
4 मार्च, रात्री 9:30

मी वसईचा, कॅथलिक. हा धागा दोन दिवस वाचतोय, आमच्याकडचंही लिहावंसं वाटलं.

आमच्या आजी-आजोबांच्या काळात मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, लॅटिनमध्ये होत असे. लोक श्रद्धेने यायचे, पण बहुतेक जण ऐकणारेच. दुसरी व्हॅटिकन परिषद 1962 ते 1965 या काळात झाली आणि लोकभाषेत उपासना करायला वाट मोकळी झाली. मिस्सा मराठीत आली. घरातली वडीलधारी माणसं सांगायची की त्यानंतर धर्मग्रामाला (एका चर्चच्या परिसराला) एकाएकी कितीतरी माणसं लागायला लागली. मराठीत स्वच्छ वाचणारे हवेत, पेटी वाजवणारे हवेत, नव्या गीतांना चाली लावणारे हवेत. जो शेतकरी घरी गाणी म्हणायचा त्याचा गळा आता वेदीजवळ उपयोगी पडू लागला. भाषा बदलली आणि आमच्याकडच्या माणसांच्या हाताला काम आलं.

अहिल्यानगरकडच्या मराठी चर्चमध्ये हे त्याही आधीचं आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (1861-1919) भजन-कीर्तनाची आपली रीत ख्रिस्ती उपासनेत आणली. माझी बायको तिकडची. तिच्या माहेरी टाळ-मृदंगावर भजन ऐकलं तेव्हा मला क्षणभर कुठे आलोय तेच कळेना, आणि फार आनंद झाला.

नाताळचा गोठा करताना आमच्या वाडीत सुतारकाम येणारे, माती लिंपणारे, लाइटिंगवाले, सगळे आठ-दहा रात्री एकत्र जागतात. गोठा महिनाभरात मोडतो. त्या जागरणातली ओळख मोडत नाही. माझं लग्न त्या गोठ्याच्या ओळखीतूनच जमलं, मध्यस्थ गोठा लिंपायला आला होता.

पांथ
5 मार्च, सकाळी 11:00

मी जर्मनीत, म्युनिकला. आम्ही अकरा मराठी घरं महिन्यातून एकदा हरिपाठाला जमतो. दोघांना उत्तम गाता येतं. हळूहळू असं झालं की ते दोघं गातात आणि बाकीचे ऐकून जेवून घरी जातात. मागच्या वेळी पाचच घरं आली. गुणी माणसं असल्यामुळेच बाकीचे मागे सरले, असं होतं का कधी?

दिंता
5 मार्च, दुपारी 2:25

पांथ, होतं. हरहमेश होतं. उपाय वारकरी भजनातच आहे. चाल मुद्दाम अशी असते की एकाने म्हणायचं आणि सगळ्यांनी उचलायचं. ज्याचा गळा चांगला त्याने चाल थोडी खाली, सगळ्यांना झेपेल अशा पट्टीत धरायची. आमचे बुवा म्हणत, "तुझा वरचा सा तुझ्यापाशी ठेव, मागच्या म्हाताऱ्याला जमेल तो लाव." तुमच्या त्या दोघांना पुढे न बसवता दोन कडांना बसवा. आणि दर महिन्याला पहिला अभंग वेगळ्या घराने धरायचा. चुकला तर चुकला.

ओढ्याकाठचा
17 एप्रिल, रात्री 8:45

मंडळी, काला होऊन चार दिवस झाले. आता सविस्तर लिहितो.

वहीत 96 घरांची नावं आली. उरलेल्यांनी पैसे दिले किंवा काहीच दिलं नाही, त्यांना कोणी काही बोललं नाही. मंडप या वर्षीही भाड्याचा घेतला, ते काम आमच्याने झेपणारं नव्हतं. आचारी मात्र आणला नाही.

सगळं गोड झालं असं नाही. दुसऱ्या दिवशी आमटी खारट झाली, दोघांनी दोनदा मीठ घातलं. तिसऱ्या दिवसापासून मीठ एकाच्याच हातात. एकादशीला भगर कमी पडली आणि रात्री साडेआठला चार घरांतून भगर आणि शेंगदाण्याची आमटी डब्यांतून आली. त्या रात्रीची पंगत मला सगळ्यात आवडली. पाचव्या रात्री 2 ते 4 च्या पहाऱ्याचे टाळकरी आलेच नाहीत, वीणेकरी एकटा होता. त्याने देवळाची घंटा वाजवली. दहा मिनिटांत अकरा माणसं, काही तर टॉवेलावर. वीणा खाली आली नाही. 84 पैकी 84 पहारे झाले.

वीणेच्या चिठ्ठ्यांवरून मात्र जोरात वाद झाला. नवीन 23 जणांच्या हातात वीणा पहिल्यांदा आली, त्यात आजवर ज्या वस्तीपर्यंत ती कधी पोचलीच नव्हती तिथले सहा जण होते. दोन जुन्या घरांनी पहारा नाकारला. त्यातले एक काका सहाव्या दिवशी आपणहून येऊन टाळ घेऊन उभे राहिले. दुसरे आले नाहीत. बायकांना वीणा देण्यावर एकमत झालं नाही. दिवसाचे दोन पहारे मिळाले, रात्रीचे नाहीत. मला हे पुरेसं वाटत नाही. कमिटीत तसं नोंदवून ठेवलंय, पुढच्या वर्षी पुन्हा मांडणार.

वाटचाल दादा, हरिपाठानंतरची पाच मिनिटं ठेवली. पहिले दोन दिवस कोणी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी मिठाचा विषय निघाला आणि मग रोज वीस मिनिटं लागू लागली.

आता त्या आजींचं. मी वही घेऊन गेलो तेव्हा त्यांनीही "मला काय येतंय" हेच म्हटलं होतं. मग दिंता दादांचं आठवलं आणि मी नेमकं विचारलं, "आजी, काकड्याला तुमच्या माहेरी काय म्हणायचे?" त्यांचं माहेर अकोले तालुक्यात डोंगराकडे. आजींनी तिथल्या तिथे एक गौळण धरली. अभंग आमच्या काकड्यातलाच, पण चाल अशी की गावात कोणी ऐकली नव्हती. संथ, जात्यावरच्या ओवीसारखी वळणं घेणारी. मग दुसरी म्हटली. मग भूपाळी. अशा चौदा चाली निघाल्या. पन्नास वर्षं आजी या गावात राहतात, रोज देवळात येतात, आणि हे कोणी विचारलं नव्हतं. मी सोडाच, त्यांच्या मुलालाही माहीत नव्हतं.

सातही दिवस काकडा आजींनी धरला. पहिल्या पहाटे आवाज लागेना, मान खाली घालून बसल्या. आमचा पखवाज वाजवणारा पोरगा, कॉलेजात आहे, तो हातोड्याने पखवाज उतरवून त्यांच्या पट्टीला आणायला लागला आणि म्हणाला, "आज्जे, तू म्हण, मी येतो मागून." दुसऱ्या दिवशी काकड्याला 30 माणसं होती, हनुमान जन्माच्या पहाटे देवळाबाहेरपर्यंत. मुलींनी चौदाही चाली मोबाइलवर घेतल्यात. त्यातल्या तिघी आता रोज संध्याकाळी आजींकडे बसतात. आजी त्यांच्याकडून मोबाइल शिकतायत, दुसऱ्या रकान्यात त्यांनी तेच लिहायला लावलं होतं. नातू पुण्याला असतो, त्याला बघून बोलायचं होतं.

चुलीपाशी
17 एप्रिल, रात्री 9:30

दादा, वाचताना डोळे भरून आले. आमच्याकडे सप्ताह श्रावणात आहे. साउंडवाला भाऊंचं ऐकून मी आमच्या कमिटीकडे वायर आणि माइकचं बोलले. वायरला हो म्हणालेत. माइकचं बघू म्हणालेत. त्या चौदा चालींतली एखादी मला पाठवाल का? श्रावणापर्यंत बसवते.

उत्तरवाट
17 एप्रिल, रात्री 10:50

सहा जण वाचलं. आजोबांच्या फोटोपुढे जाऊन उभा राहून आलो.

वर्षभरात एकदा तुमच्या गावी यायचं आहे. हलगी घेऊन नाही, नुसता येईन. पहारा असेल तर द्या.

ओढ्याकाठचा
18 एप्रिल, सकाळी 6:10

उत्तरवाट दादा, पुढच्या चैत्रात पहिल्या दिवशी सकाळी 6 ते 8. आताच लिहून ठेवतो. ताई, आजींना विचारून चाल पाठवतो, त्या हो म्हणतीलच.

एक राहिलं. काल दूध घालायला डेअरीवर गेलो होतो. वरच्या मळ्यातले एक जण, ज्यांनी दोन्ही वेळा मला दारातूनच परत पाठवलं होतं, ते कॅन ठेवून थांबले होते. म्हणाले, "माझं नाव राहिलं वहीत. मला विहिरीत उतरून बसलेली मोटर काढता येते. सप्ताहात कुठं लागत असेल तर लिहा."

वही गाडीच्या डिकीतच होती. लिहिलं. दुसऱ्या रकान्यात काय लिहू विचारलं तर बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "वाचायला. पारायणाला बसायचंय."